पात्याचा कल

घडीचा चाकू मिटल्यावर पातं मुठीच्या मधोमध न बसता एका पट्टीकडे कललेलं दिसलं, की बहुतेकांचा हात आधी स्क्रूड्रायव्हरकडे जातो. पिव्हटचा स्क्रू आवळायचा, पातं सरकतं, काम झालं. माझा आक्षेप यालाच आहे. पातं बोटांनी हलवल्यावर डुगडुगत असेल तर स्क्रू आवळावाच, कारण तोवर कुठलीच खूण खरी मानता येत नाही. पण त्यापुढे आवळणं म्हणजे कल लपवणं. चाकू उघडायला जड होतो तो वेगळाच. मिटलेला चाकू अर्धीच हकीकत सांगतो. मूठ तशीच धरून पातं उघडावं आणि पाठीच्या बाजूनं डोळ्याच्या रेषेत पाहावं. टोक दोन्ही वेळा एकाच बाजूला गेलं, तर पातं वाकलंय किंवा समूळ सरकलंय. मुळाशीही फट असमान असेल तर ते सरकलंय. तिथे पात्याच्या दोन्ही अंगांच्या वॉशरांची अदलाबदल करावी, कलही पलीकडे गेला तर जाडीतला फरक सापडला. टोकानं बाजू बदलली, तर पातं निर्दोष. तिरक्या आसाभोवती अर्धा फेरा घेतलेलं टोक पलीकडे जाणारच, आणि आस तिरका व्हायला वॉशरखाली अडकलेला कचरासुद्धा पुरतो. उघडं असताना सरळ आणि फक्त मिटल्यावर कललेलं असेल, तर लायनर लॉकच्या चाकूत संशय लॉकच्या पट्टीतल्या बारीक गोळीवर घ्यावा. मिटलेलं पातं धरून ठेवताना ती त्याला एकाच अंगानं ढकलत असते.

कुणी म्हणेल, केसभर कलासाठी एवढा खटाटोप कशाला? बरोबर आहे. शेफील्ड आणि अमेरिकेतल्या कारागिरांनी घडवलेल्या खिशातल्या अनेक पात्यांच्या चाकूंत पाती एकमेकांना घासू नयेत म्हणून मुळाजवळ मुद्दाम वाकवलेली असतात. तिथे मध्य शोधणंच चूक. म्हणून प्रश्न दिसण्याचा नाही, घासण्याचा आहे. पात्याच्या दोन्ही अंगांना मार्करची शाई लावून चाकू चार-सहा वेळा उघडमीट करावा. शाई शाबूत राहिली तर स्क्रू तसाच सोडावा. पुसली गेली, तर वरच्या तपासणीनं सापडलेलं कारण तेवढं दुरुस्त करावं. पातं मात्र चिमट्यात धरून सरळ करू नये. पाणी दिलेलं पोलाद थंड असताना वाकण्याऐवजी तुटू शकतं. रिव्हेटच्या चाकूत तर वॉशर बदलायलाही वाव नसतो. तिथे सांधा धुऊन तेल द्यावं, आणि पातं डुगडुगत असेल तरच रिव्हेटच्या डोक्यावर हलके ठोके घालावेत, प्रत्येक ठोक्यानंतर पातं फिरवून बघत.