पाठीवरचा डबा

आम्ही बोनेरला निघालोय असं सांगितल्यावर शेजाऱ्यांनी "मग रिक्षाच करा, बसला फार गर्दी असते," असा सल्ला दिला. त्यांची काही चूक नाही. पुणेरी कानाला बोनेर आणि बाणेर यांतला फरक कळणं कठीणच. बाणेर विद्यापीठाच्या पुढे, तर बोनेर व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून ऐंशीएक किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात. बेट चिमुकलं. कारभार हॉलंडचा, चलन अमेरिकन डॉलर आणि बोलणं पापियामेंतू! आमची मुलगी नोकरीनिमित्त हॉलंडात असते. तिला पाण्याखाली जायचं वेड. ते वेड २०२४ साली तिने आईबापांना लावायचा घाट घातला. आई "मी काठावर बसते" म्हणून सुटली. उरलो मी. वय बासष्ट, बँकेतून निवृत्त, आयुष्यातला सर्वांत मोठा धोका म्हणजे एकदा मित्राच्या कर्जाला जामीन राहिलो होतो.

पोहता मात्र येत होतं. गावच्या विहिरीत पाठीला रिकामा तुपाचा डबा बांधून मागून ढकलून द्यायचे. शिक्षणपद्धती एवढीच. मुलीलाही सातव्या वर्षी मीच त्याच विहिरीत शिकवलं. डबा मीच बांधला होता. (तो मध्यावर सुटला, पण ते पुढे.)

बोनेरला गेलो तर इथेही पाठीला डबाच! फक्त विहिरीतला डबा माणसाला वर ठेवायचा, हा खाली न्यायला बांधतात. शिवाय तेवढ्याने भागणार नाही म्हणून कमरेला शिसं. डबा पंधरा-सोळा किलोंचा. आमच्याकडे गॅसवाला सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवायचे वर पैसे मागतो, इथे तो स्वतःच पाठीवर घेऊन समुद्रात शिरायचं आणि वर आपणच पैसे द्यायचे.

तीन-चार दिवसांचा कोर्स झाला. शिकवणारा तिथलाच, हसतमुख. पहिला धडा काचेच्या चष्म्यात थुंकण्याचा! काच धुरकट होऊ नये म्हणून. जन्मभर 'येथे थुंकू नये' वाचत आलेल्या माणसाला कोणी आग्रहाने "थुंका, अजून थुंका" म्हटलं, तर तोंडाला कोरडच पडते. दुसरा धडा श्वास कधीही न रोखण्याचा. दहा मीटर खाली दाब दुप्पट होतो. तिथे छातीत भरलेली हवा रोखून धरून वर आलात, तर ती फुगून दुप्पट होऊ पाहते आणि फुफ्फुस फाटतं. बायकोने हे ऐकून आपल्या प्राणायामाच्या वर्गाच्या अधिकाराने निकाल दिला, "म्हणजे पूरक आणि रेचक चालेल, कुंभक वर्ज्य." मी हेच लक्षात ठेवलं. तिसरी गोष्ट मिशीची. मिशीतून चष्म्यात पाणी शिरतं, वरून जराशी कापा, असं त्याने सुचवलं. मी साफ नकार दिला. चाळीस वर्षांची मिशी माशांसाठी कापायची?

मग सुरू झालं किनाऱ्यावरून डुबणं. बोनेरची खरी मजा यातच आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या दगडाला शेंदूर फासला की त्याचा देव होतो, तिथे दगडाला पिवळा रंग फासून वर नाव लिहिलं की ती डुबायची जागा होते. पिकअप गाडी तिथे थांबवायची, डबे चढवायचे आणि सरळ पाण्यात चालत जायचं. गाडीत मौल्यवान काही ठेवू नका, कुलूपही लावू नका, असं सगळेच सांगतात. म्हणून आमची सौभाग्यवती देवळाबाहेर बसावी तशी चपला सांभाळत बसे. एका जागेचं नाव 'हजार पायऱ्या'. मोजल्या तर साठ-सत्तर भरतील. पर्वतीच्याच एकशेतीन आहेत! पण बाहेर येऊन ओला डबा पाठीवर घेऊन त्या चढायला लागलो आणि नाव ठेवणाऱ्याचा हिशेब मला तंतोतंत पटला.

खाली काय आहे, ते खरं तर सांगता येत नाही. जांभळे जाळीदार पंखे डुलतायत, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे आपल्याकडे भाडेकरूकडे बघावं तसे बघतायत. आवाज ऐकू येतो, कुर्रम-कुर्रम. पोपटमासा पोवळ्यांचा दगड कुरतडत असतो. त्याच्या पोटातून त्याची जी पूड होऊन बाहेर पडते, तीच पुढे पांढरी वाळू. हे कळल्यावर बायकोने पायाची वाळू घाईघाईने झटकली. १९७९ पासून इथला समुद्र राखीव आहे. हात लावायचा नाही. हातमोजेसुद्धा घालायचे नाहीत, कारण मोजे घातले की माणसाचा हात वळवळतो. आणि तरी मेंदूच्या आकाराच्या एका थोरल्या पोवळ्यावर मुलीने पांढरा चट्टा दाखवला. पोवळ्यांचा एक रोग २०२३ साली या बेटावर पोहोचलाय. बाहेर आल्यावर सगळं सामान जंतुनाशकात बुडवायचं ते त्यासाठी. त्या पोवळ्यापाशी ती बराच वेळ थांबली होती.

एकदा कासव दिसलं. आनंदाच्या भरात मी अंगठा वर केला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'वर चला'. मुलीने मला मुकाट्याने वर आणलं. डब्यात निम्मी हवा शिल्लक, कासव खाली, आणि आम्ही दोघं लाटांवर भांडतोय!

शेवटी बोटीने 'क्लाइन बोनेर' या समोरच्या निर्मनुष्य बेटाकडे गेलो. बोटीत डबा दुसरे लोक उचलतात, हे मला फार आवडलं. पण पाण्यात पडायचं पाठमोरं. काठावर बसून मागे कोसळायचं. कोसळलो. चौदा मीटरवर एका फुगीर माशाचा चेहरा हुबेहूब आमच्या जुन्या ब्रँच मॅनेजरसारखा दिसला, मला हसू फुटलं आणि मिशीने दगा दिला. चष्म्यात पाणी, नाकात पाणी. शिकवलेलं सगळं विसरलो. वर, एवढंच सुचलं. श्वास गच्च रोखला. कुंभक!

तेवढ्यात जॅकेटचा पट्टा कोणीतरी घट्ट धरला. मुलगी. तिने मला हलू दिलं नाही. माझाच हात धरून चष्म्याच्या वरच्या कडेवर ठेवला, मान वर करायला लावली आणि आपल्या नाकाने भुसकन श्वास सोडून दाखवला. मी सोडला. पाणी गेलं, आणि समोर तिचे डोळे दिसले.

हे डोळे मी आधी पाहिले होते. विहिरीच्या मध्यावर, डबा सुटून मागे तरंगताना. तो सुटला नव्हता, मीच दोरी सैल बांधली होती आणि "घट्ट आहे" म्हणालो होतो. ती हातपाय मारत काठाला लागली तेव्हा मी ओरडलो होतो, "बघ, येतंय की नाही!" मग दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मला वाटलं, लहान आहे, रुसली असेल.

वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटं थांबतात. त्या तीन मिनिटांत तिने पट्टा सोडला नाही, आणि मला जे सांगायचं होतं त्याची खूण मला कोणी शिकवलेली नव्हती.

"अहो, डोळे लाल का झालेत?" बायकोने बोटीत विचारलं.

"खारं पाणी," मी म्हणालो.

त्या रात्री मी मिशी बोटभर कापली. सकाळी शेवटच्या डुबकीला मुलगी माझ्या डब्याचा पट्टा आवळत होती.

"घट्ट आहे ना?"

"आहे हो, बाबा."

"नक्की?"

"विहिरीवर तुम्हीही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली. मी मागे हात नेऊन पट्टा पुन्हा एकदा चाचपून पाहिला.