तुझा अडखळता निरोप ऐकून

अंबाजोगाई

राणी,

व्हॉट्सॲपवरचा तुझा निरोप परत परत ऐकला. टेलर माली यांच्या कवितेवर वर्गातल्या सेमिनारात काय बोलू, एवढंच तुला विचारायचं होतं. पण तिथवर पोचायला किती अडखळलीस! ‘म्हणजे ॲक्च्युअली’, ‘बहुतेक’, ‘असं काहीतरी’, आणि शेवटी ‘जाऊ दे आत्या, तुला कळलंच असेल’. नाही कळलं गं. भर आडतीत हिशेबपट्टी पुढं करून ‘हमाली दोनदा का लावली?’ असं विचारणारी पोर ती हीच का?

आधी कवितेचं. माली अमेरिकेत मास्तर होते, कविता मंचावर म्हणतात. ज्या बोलण्यावर त्यांचा राग, त्याच बोलण्यात त्यांनी कविता रचली आहे. साधं विधानही प्रश्नासारखं वर उचलायचं, म्हणजे समोरच्यानं भुवई ताणली की मागं घेता येतं. खरा घाव या पळवाटेवर आहे, हे वर्गात ठासून सांग. नुसतं थांबणं वेगळं. क्लार्क आणि फॉक्स ट्री यांनी 2002 मध्ये इंग्रजीतल्या ‘अं’सारख्या उद्गारांवर लिहिलं; जरा थांबा, पुढं बोलायचं आहे, अशी ती ऐकणाऱ्याला खूण असते, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा विचार करायला खुशाल थांब.

शंका असणंही वेगळं. आपल्या कवी मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके 1110 चा, म्हणजे 1188 चा मानतात. त्यात गुरुशिष्यांचा संवाद आहे, आणि शिष्य आपली शंका सरळ पुढं ठेवतो. तू लहानपणी त्यांच्या समाधीच्या पायऱ्या उतरताना मला असेच प्रश्न विचारायचीस. उत्तर देता देता मलाच दम लागायचा!

पण मालींशी माझं एका जागी पटत नाही. त्यांना ही पिढीची सवय वाटते. तुझ्या बाबतीत ती सवय नसून भीती आहे, असं मला वाटतं. दिवाळीत तू ओझरतं बोलली होतीस, की आपल्या बोलीत ‘काय करायलीस?’ म्हटलं की पुण्यात खोलीवरच्या मुली हसतात. तेव्हापासून तू प्रत्येक वाक्य आधी चाचपून बघतेस. आपल्याकडं हे नवं नाही. निजामाच्या राज्यात कचेरीची भाषा उर्दू. घरात तोंडाचा पट्टा चालवणारी माणसं 1948 पर्यंत कचेरीच्या उंबऱ्यावर गप्प व्हायची. त्यांना निदान राज्य परकं होतं. तुला मराठीतच मराठीची भीती!

आणि हे नुसतं सेमिनारापुरतं नाही, म्हणून जीव थाऱ्यावर नाही. आपल्या जिल्ह्यातली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर जातात. आगाऊ उचल किती घेतली, किती फिटली, हे मुकादमाला तोंडावर विचारावं लागतं. 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचं प्रकरण गाजलं. त्या बायका गप्प होत्या म्हणून तसं झालं, असं मी कधीच म्हणणार नाही. त्यांचं ऐकायलाच कुणी नव्हतं. म्हणून तर शिकलेल्या पोरींनी त्यांच्या बाजूनं, त्यांच्याच बोलीत, पूर्ण वाक्यात बोलायला हवं. तू समाजकार्य शिकतेस ते कशासाठी?

सेमिनारात ‘करायलीस’ आलं तर येऊ दे, दुरुस्त करू नकोस. रात्री जेवतेस ना वेळेवर? आवाज खोल गेल्यासारखा वाटला. त्या मुली अजून हसतात, की तू त्यांच्यासमोर बोलणंच सोडलंस? ते आधी कळव. गरज पडली तर पुढच्या आठवड्यात मी येते.

तुझी आत्या