हातात काय आहे, ते आधी सांग

रत्नागिरी,
जून २०२५

चि. सायली हिस मावशीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी मिळाली. आकाशवाणीवर बोलायला मिळतंय, तेही ‘विज्ञानातले थक्क करणारे नवे शोध’ या विषयावर, हे वाचून तुझ्या आजीने देवापुढे साखर ठेवली. यादीतली कृष्णविवरं आणि गुरुत्वीय लहरी मला आवडल्या. पण तुझे श्रोते कोण आहेत याचा थोडा विचार कर. काजूच्या कारखान्यात बिया सोलता सोलता ऐकणाऱ्या बायका, मिरकरवाड्यात जाळं सांधणारे खलाशी, दुपारी आडवे झालेले निवृत्त मास्तर. यांना कमी समजतं असं नव्हे. उलट ही माणसं लगेच विचारतात, “हे कळलं कसं?” कृष्णविवराच्या बाबतीत या प्रश्नाला दहा मिनिटांत प्रामाणिक उत्तर देणं अवघड आहे. आपल्या किनाऱ्यावरच्या शोधांच्या बाबतीत ते जमण्यासारखं आहे. म्हणून माझं ऐकशील तर यादी बाजूला ठेव आणि रत्नागिरीचंच सांग.

आणि सांगताना एक पथ्य पाळ. प्रत्येक शोधाचा पुरावा म्हणून आपल्या हातात नक्की काय आहे ते आधी सांग. मग त्यावरून काय म्हणता येतं ते, आणि कुठे थांबावं लागतं तेही सांग. थक्क व्हायचं काम श्रोत्यांवर सोड.

पहिली गोष्ट कासवाची घे. मार्च २०२१ मध्ये भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी ओडिशाच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले मादीच्या वल्ह्यासारख्या पायाला धातूचा छोटा बिल्ला लावला. क्रमांक ०३२३३. ओडिशात ही कासवं लाखांच्या संख्येने एकदम किनाऱ्यावर येतात. आपल्याकडे माद्या एकेकट्या येतात, रात्री, भरतीच्या रेषेवर पुळणीत खड्डा करून अंडी घालतात आणि निघून जातात. पूर्व किनाऱ्याच्या माद्या तिकडच्या आणि पश्चिम किनाऱ्याच्या इकडच्या, अशीच साधारण समजूत होती. मग जानेवारी २०२५ मध्ये गुहागरच्या पुळणीवर एक मादी अंडी घालताना दिसली. तिच्या पायाला बिल्ला होता. क्रमांक ०३२३३. तिने १२० अंडी घातली, त्यांतून १०७ पिल्लं बाहेर पडली.

इथे थांब आणि श्रोत्यांना विचार, हातात काय आहे? एक बिल्ला आणि दोन नोंदी. बिल्ला हा पोस्टाच्या शिक्क्यासारखा असतो. पत्र कुठून निघालं ते त्यावरून कळतं, वाटेत ते कोणत्या गाडीने आलं ते कळत नाही. वर्तमानपत्रांत ३५०० किलोमीटरचा आकडा आला, तो दोन ठिकाणांमधल्या समुद्रमार्गाचा अंदाज आहे. बाई श्रीलंकेला वळसा घालून आली की रामेश्वरजवळच्या पांबनच्या सामुद्रधुनीतून, हे बिल्ला सांगू शकत नाही. मधल्या चार वर्षांत तिने आणखी कुठे अंडी घातली, तेही नाही.

वाट कळायला दुसरं साधन लागतं, आणि तेही आपल्याच जिल्ह्यात वापरलं गेलं आहे. २५ जानेवारी २०२२ रोजी मंडणगड तालुक्यातल्या वेळासला एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी बोलणारं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावरचं हे पहिलंच, म्हणून तिचं नाव ‘प्रथमा’. मग आंजर्ल्याची ‘सावनी’, गुहागरच्या ‘रेवा’, ‘लक्ष्मी’ आणि ‘वनश्री’. भारतीय वन्यजीव संस्था आणि महाराष्ट्राचं कांदळवन प्रतिष्ठान यांचं हे काम. रेडिओलहरी खाऱ्या पाण्यातून जात नाहीत, त्यामुळे मादी श्वास घ्यायला वर आली की तेवढ्या वेळातच यंत्र संदेश पाठवतं. उपग्रह पुढे सरकत असताना त्या संदेशाची कंपनसंख्या किंचित बदललेली जाणवते, आणि त्या बदलावरून जागा काढतात. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली ‘बागेश्री’ केरळ ओलांडून, श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात शिरली. यंत्रात वाट दिसते, पण ते काही महिन्यांत गप्प होतं. बिल्ला मुका असतो, पण वर्षानुवर्षं टिकतो. दोन्ही जोडल्यावर म्हणता येतं की आपल्या आणि ओडिशाच्या समुद्रात ये-जा आहे. किती माद्या ये-जा करतात, हे मात्र एका ०३२३३ वरून सांगता येणार नाही. एक मादी इकडे आली म्हणून सगळ्याच येतात असं म्हणणं म्हणजे सायली मुंबईला नोकरीला गेली म्हणून अख्खी आळी गेली म्हणण्यासारखं होईल, आणि तुझी आजी हे मान्य करणार नाही.

या गोष्टीतला मला आवडणारा भाग वेगळाच आहे. ओडिशात हजारो माद्यांना बिल्ले लावताना प्रत्येकीचा क्रमांक नीट लिहिणारा कोणीतरी होता. गुहागरला भर रात्री बॅटरीच्या उजेडात तो क्रमांक वाचणारा कोणीतरी होता. दोघांची ओळखही नसेल. आणि असं वाचणारे लोक आपल्याकडे आपोआप तयार झालेले नाहीत. वेळासला पूर्वी कासवाची अंडी खायला आणि विकायला काढत. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने, भाऊ काटदरे आणि मंडळींनी, गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. २००६ पासून कासव महोत्सव भरतो. आज किनाऱ्यावर पहाटे फिरणारे कासवमित्र त्यातूनच तयार झाले. हे राखणदार नसते तर ०३२३३ अंडी घालून निघून गेली असती आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

दुसरी गोष्ट कातळाची. सड्यावर गुरं राखणाऱ्यांनी जांभ्यावरच्या त्या खोदलेल्या आकृत्या पिढ्यान् पिढ्या पाहिल्या होत्या. काही गावांत त्यांची पूजाही होई. गेल्या दहा-पंधरा वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव विचारत, सडे तुडवत त्यांची रीतसर नोंद केली, आणि मग संख्या हजाराच्या पुढे गेली. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये उक्षी, जांभरूण, बारसू, देवाचं गोठणं, कशेळी, अशा आपल्या जिल्ह्यातल्या जागा, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं एक ठिकाण मिळून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेल्या.

इथेही विचार, हातात काय आहे? आकृत्या आहेत, आणि त्यांत गेंडा आणि पाणघोडा आहेत. आज कोकणात यांपैकी एकही नाही. मग एक तर ते प्राणी कधीकाळी इथे होते, किंवा ज्यांनी ते पाहिले होते ती माणसं दुसरीकडून आली. शेतीची चित्रं जवळजवळ नाहीत, प्राणी आणि मासे भरपूर आहेत. म्हणून ही कला शिकार करून, कंदमुळं गोळा करून जगणाऱ्यांची असावी, असं संशोधक म्हणतात. ती दहा-बारा हजार वर्षं मागे जाईल असा अंदाज आहे.

‘अंदाज’ हा शब्द मुद्दाम म्हण, गाळू नकोस. कार्बनवरून वय काढायला एकेकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं, लाकूड, हाड, कोळसा. कातळशिल्पात रंग नाही, वरून काही लावलेलं नाही. खडक खोदून काढून टाकला तेव्हा आकृती झाली. आणि खडकाचं वय काढून उपयोग नाही, तो चित्रापेक्षा लाखो वर्षांनी जुना. म्हणून आजूबाजूच्या थरांत त्या माणसांच्या वस्तू शोधाव्या लागतात. सिंधुदुर्गात कोळोशीच्या गुहेत उत्खनन करून दगडी हत्यारं मिळाली, ती याच कामासाठी महत्त्वाची आहेत. हत्ती कोरणारा आणि हत्यार टाकणारा एकच होता का, हे अजून जोडायचं आहे. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या वादात रेडिओवर शिरू नकोस, पण चिरेखाणीबद्दल जरूर बोल. सड्यावरचा चिरा एकदा कापला की त्यावरची आकृती आणि आजूबाजूचा पुरावा, दोन्ही ट्रकमध्ये जातात.

तिसरी गोष्ट जुनी आहे, पण अर्धा मिनिट तिला दे, कारण भाषणानंतर कोणीतरी ती काढणारच. “हेलियमचा शोध आपल्या विजयदुर्गावर लागला!” किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात, १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिन साजरा होतो. विजयदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, त्यामुळे अभिमान आपलाही. पण हातात काय आहे? १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर इंग्लंडमध्ये होता आणि त्याने २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेच्या प्रकाशात एक पिवळी रेघ पाहिली. वायुरूपात तापलेलं प्रत्येक मूलद्रव्य ठरावीक रंगांच्याच रेघा देतं, आणि ही रेघ पृथ्वीवरच्या कोणत्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. लॉकियर विजयदुर्गला आला तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला, ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी मदतीला घेऊन. दोन ग्रहणं लोकांच्या बोलण्यात एक झाली.

कोणी रागावलं तर त्याला खरी गोष्ट पुरी सांग. पृथ्वीवर कोणाच्याही हाती न लागलेलं मूलद्रव्य आधी सूर्यात ओळखलं गेलं, आणि पृथ्वीवर ते लंडनच्या रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेला १८९५ मध्ये एका खनिजात मिळालं. मधली सत्तावीस वर्षं लॉकियरकडे फक्त एक रेघ होती, आणि तिच्या जोरावर तो ठाम राहिला. त्यानंतर तीन वर्षांनी तोच माणूस आपल्या किल्ल्यावर दुर्बिणी लावून उभा होता. यात अभिमान वाटण्यासारखं भरपूर आहे, त्यात काही घालायची गरज नाही.

शेवटी कोणीतरी विचारेलच, “या सगळ्याचा उपयोग काय?” कासवाचा तर सरळ आहे. एकच मादी दोन्ही किनाऱ्यांवर अंडी घालत असेल तर ओडिशाची जाळी आणि गुहागरची पुळण यांचा हिशेब वेगवेगळा ठेवून चालत नाही. मिरकरवाड्यातला श्रोता हे तुझ्या-माझ्यापेक्षा लवकर समजेल. त्याच्या जाळ्यात बिल्ला लावलेलं कासव आलं, तर क्रमांक लिहून घे, कासव सोड आणि वनखात्याला कळव, एवढं एक वाक्य त्याला सांग. दहा मिनिटांतून तेवढं जरी कोणाच्या लक्षात राहिलं, तरी पुढची नोंद तुझ्या श्रोत्याची असेल.

बाकी सर्व क्षेम. पावसाने बागेतली उरलीसुरली रायवळ पाडली, साटं घालून ठेवली आहेत. येशील तेव्हा घेऊन जा.

तुझी,
मावशी

ता. क. : ०३२३३ वाचताना आधीचं शून्य गाळू नकोस. नोंदवहीत ते आहे.