फुकटचा हमाल

निवृत्त माणसाने मुलीच्या घरी तीन महिने राहू नये. विलायतेत तर मुळीच नाही. तिथे दुधाला जावे लागत नाही, वीजबिलाला रांग नसते आणि आमचे जावईबापू इतके सालस, की भांडायलाही वाव नाही. पंधरा दिवसांत माझी फुलदाणी झाली! शेवटी एका रविवारी त्यांनी मला डिव्हायझेसला केनेट-एव्हन कालवा बघायला नेले.

‘‘कालव्यात काय बघायचं?’’ मी म्हटले. आमच्याकडे कालवा म्हणजे ऊस. इथे कालव्यातून चक्क बोट टेकडी चढते! दोन मैलांत २३७ फूट चढण आणि त्यासाठी २९ लॉक. लॉक म्हणजे कुलूप नव्हे, पाण्याची पायरी. बोट आत घ्यायची, मागचे दार लावायचे, झडपा उघडून वरचे पाणी सोडायचे. पाणी चढले की बोट चढते.

तिथे सत्तरीचे एक गृहस्थ घाम पुसत उभे होते. चेहरा रिटायर्ड हेडमास्तरांचा. मी आपला देशी प्रश्न विचारला, ‘‘पगार किती?’’

‘‘चहाचा कप,’’ ते म्हणाले, ‘‘तोही घरून आणतो.’’

मग त्यांनी कालव्याची कुंडली मांडली. १८१० साली पुरा झाला. पुढे आगगाडी आली आणि १८५२ साली रेल्वे कंपनीनेच कालवा विकत घेतला. म्हणजे सवतीच्या हाती बाळंतपण! व्हायचे तेच झाले. दारे कुजली, लॉकमध्ये झुडपे उगवली. कालवा कायमचा बंद करायची भाषा सुरू झाली, तेव्हा आसपासच्या लोकांनी कंबर कसली. १९६२ साली ट्रस्ट काढला, वर्गण्या गोळा केल्या आणि सुट्टीच्या दिवशी गमबूट चढवून चिखल उपसला. १९९० साली राणी एलिझाबेथच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला. अठ्ठावीस वर्षे! पहिली घमेली उचलणारे सगळेच काही बोट बघायला उरले नसतील.

‘‘लावा हात,’’ हेडमास्तर म्हणाले. दाराच्या लांबलचक तुळईला मी पाठ लावली आणि जोर केला. दार ढिम्म!

‘‘घाई नको. दोन्हीकडचं पाणी सारखं होऊ द्या.’’

दोन मिनिटांनी तेच दार पाठीच्या रेट्याने आपसूक सरकले. बोट निघाली. टपावरची एक चिमुरडी मला ‘थँक्यू’ म्हणाली. एवढ्याशा शब्दाने डोळ्यांत पाणी यावे? पण आले खरे. जावईबापूंनी सभ्यपणे बदकांकडे पाहिले.

आमच्या सोसायटीच्या टाकीची सफाई चार वर्षे सभेच्या विषयपत्रिकेवर आहे. विषय क्रमांक सात. सेक्रेटरी मीच. परत आल्यावर पहिल्याच रविवारी खराटा घेऊन गच्चीवर गेलो. वॉचमन धावत आला.

‘‘साहेब, याचं सोसायटी किती देते?’’

‘‘चहाचा कप,’’ मी म्हटले.

त्याने खिन्नपणे मान हलवली. पण खाली जाऊन दुसरा खराटा घेऊन आला. चहा अर्थात आमच्याच घरून आला.