मानलेली माणसं

२०२० च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, कमल ठोके गेल्या. कराड भागात त्यांना ‘बाई’ म्हणून ओळखणारे पुष्कळ होते, कारण त्यांची हयात शिक्षकी पेशात गेली होती. पण बातम्यांच्या मथळ्यांत आणि व्हॉट्सॲपच्या श्रद्धांजल्यांत नाव झळकलं ते जीजीचं. निवृत्तीनंतर केलेल्या एका भूमिकेनं त्यांना हजारो घरांची आजी करून टाकलं होतं. ज्यांनी त्यांना कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं, त्यांच्या घरात त्या दिवशी फराळाचं ताट पुढं असताना विषय निघाला तो जीजीचाच.

जीजी ज्या मालिकेतली, ती ‘लागिरं झालं जी’ १ मे २०१७ ला झी मराठीवर सुरू झाली आणि २०१९ च्या जूनमध्ये संपली. निर्मात्यांपैकी श्वेता शिंदे साताऱ्याच्या, लेखक तेजपाल वाघ वाईकडचे. मालिकेतल्या चांदवडीचे पार, ओढे, ऊस आणि मागचे डोंगर साताऱ्याचेच. आईबापाविना वाढलेला अजिंक्य म्हणजे अज्या, नायिका शीतली, अज्याला सांभाळणारी जीजी, मामाच्या घरातला आधार आणि टोमणे, विक्या-राहुल्यासारखे जिवाला जीव देणारे दोस्त, आणि फौजेत जायचं वेड. टीव्हीवरची कुटुंबं तोवर बहुतेक पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत राहायची. आदल्या वर्षी ‘तुझ्यात जीव रंगला’नं कोल्हापूरची तालीम आणि वाडा घराघरात नेला होता. त्यापाठोपाठ सातारी बोली आली, तीही विनोदी नोकराच्या तोंडी नव्हे, थेट नायक-नायिकेच्या तोंडी. ‘आपल्यागत बोलत्यात की!’ हे कौतुक त्या काळात कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठं होतं.

फौजेत निघालेल्या पोराची गोष्ट या जिल्ह्यात नुसती गोष्ट म्हणून पाहता येणं अवघडच. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याच्या नावापुढंच ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान कामी आले. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ साली सुरू झालं ते साताऱ्यात. त्याच शाळेत शिकलेले पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ ला कुपवाड्यात अतिरेक्यांशी लढताना शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक चेन्नईतलं खडतर प्रशिक्षण पुरं करून २०१७ च्या सप्टेंबरात लेफ्टनंट झाल्या, तेव्हा अज्या-शीतलीची मालिका सुरू होऊन चारच महिने झाले होते. ज्या बाईचा मुलगा किंवा नवरा खरोखरच सीमेवर आहे, ती अज्याची बॅग भरली जाताना पदर डोळ्याला लावते, तेव्हा ती नेमकी कुणासाठी रडते हे तिला विचारू नये. तिला ते ठाऊक असतं.

शिकलेल्यांचा आक्षेप नेमका इथंच असतो. बायकांना खरंखोटं कळत नाही, नटाला पात्र समजून बसतात, असं ते म्हणतात. शेजारच्या सांगली जिल्ह्यात तरी हा आक्षेप फार टिकू नये. विष्णुदास भाव्यांनी चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं १८४३ साली सांगलीतच ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, तेव्हापासून हा मुलूख सोंगं पाहत आला आहे. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे नारायणराव राजहंसांचं गाव. १९०५ साली मिरजेच्या रंगभूमीवर ते शकुंतला होऊन उभे राहिले आणि पुढची कित्येक वर्षं बालगंधर्व म्हणून महाराष्ट्राच्या मनात राहिले. भामिनी, रुक्मिणी, सिंधू या त्यांच्या नायिका. त्यांचं नऊवारी नेसणं, त्यांचा अंबाडा, दागिने घालण्याची त्यांची रीत घरंदाज बायकांनी उचलली. नथीखालचा चेहरा पुरुषाचा आहे हे थिएटरातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत होतं. १२ मार्च १९११ ला ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची मुलगी गेली होती. प्रयोग मात्र झाला. भामिनीवर खूश झालेल्या प्रेक्षकांनाही पडद्यामागचा बाप कळला, आणि त्यांचा दोघांवरचाही जीव वाढला. माहीत असणं आणि मानणं, दोन्ही एकाच मनात सुखानं नांदतात.

१९५६ साली डोनाल्ड होर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी प्रेक्षक आणि पडद्यावरचा माणूस यांच्यातल्या जवळिकीवर एक निबंध लिहिला, तो आजही या विषयात पहिल्यांदा वाचला जातो. पडद्यावरचा माणूस थेट आपल्याशी बोलतोय असं प्रेक्षकाला वाटतं, ओळख दाट होत जाते, पण ती एकाच बाजूनं. समोरच्याला आपला पत्ता नसतो, असं त्यांचं म्हणणं. ते खरंच आहे. फक्त या निबंधातल्या प्रेक्षकाला कृष्णाकाठी आणून बसवलं, तर तो फार वेळ एकटा राहत नाही. डेअरीला दूध घालून आलेला मुलगा, भाकरी थापता थापता मान वळवणारी सून, खुर्चीवरची म्हातारी आणि मीठ मागायला येऊन उंबऱ्यातच टेकलेली शेजारीण, असा तो गोतावळा असतो. पात्राचं काय चुकलं यावर जाहिरातीच्या वेळात पंचायत भरते. सासूला सुनेविषयी जे तोंडावर बोलता येत नाही, ते मालिकेतल्या सुनेविषयी मोकळेपणी बोलता येतं, आणि ऐकणारीला ते बरोबर कळतं.

शिवाय रक्ताबाहेरचं नातं जोडणं इथं नवलाचं नाही. मानलेला भाऊ, धर्माची बहीण, गुरुबंधू ही नाती लग्नपत्रिकेत छापून येतात. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला विसावते, चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, पुढं तरडगाव, फलटण. त्या वाटेवर एका दिंडीत चालणारी माणसं वर्षभर एकमेकांच्या सुखदुःखाला धावतात, आणि त्यांची ओळख सुरू झालेली असते एका पंगतीत. परक्याला घरातली हाक मारायची सवय जिभेला असली, की पडद्यावरच्या पोरीला ‘शीतली’ म्हणायला वेगळा विचार करावा लागत नाही.

मानलेलं घर नेहमी भलं निघतं असंही नाही, आणि मालिकांना ते कळतं. सांगली परिसरात चित्रित झालेल्या ‘जीव झाला येडापिसा’मधला शिवा आत्याबाईंसाठी जीव द्यायला तयार, आणि आत्याबाई त्याला आपल्या राजकारणासाठी वापरून घेणाऱ्या. चिन्मयी सुमीत यांच्या त्या आत्याबाईंवर प्रेक्षक चिडले, पण ओळखीचं कुणीतरी दिसल्यासारखे चिडले. ‘देवमाणूस’नं तर याहून पुढची परीक्षा घेतली. तिची प्रेरणा वाईतल्या २०१६ च्या त्या प्रकरणाची, ज्यात स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या माणसावर अनेक खुनांचा आरोप झाला. गावानं विश्वासानं ज्याला आपलं म्हटलं, तोच घात करतो. ही भूमिका करणारा किरण गायकवाड म्हणजे ‘लागिरं’मधला भय्यासाहेब. लोक त्याला घाबरले, शिव्या घातल्या, आणि त्याच मालिकेतल्या सरू आजीच्या शिवराळ म्हणी ऐकायला पुन्हा रोज वेळेवर हजर राहिले.

या आपलेपणाची किंमत कधी कधी पडद्याच्या पलीकडं मोजली जाते. करोनाच्या पहिल्या लाटेत ‘आई माझी काळूबाई’चं चित्रीकरण सातारा जिल्ह्यात चालू होतं. संचावर संसर्ग पसरला. ज्येष्ठ अभिनेत्री आशालता वाबगावकर यांचं २२ सप्टेंबर २०२० ला साताऱ्यात निधन झालं. मालिकेच्या निर्मात्या अलका कुबल त्या दिवसांत त्यांच्या जवळ होत्या. संचावरच्या नात्यांना कुणी संहिता लिहून दिलेली नसते. दिवसाचे बारा-बारा तास एकत्र काढणाऱ्या माणसांत ती आपोआप तयार होतात.

प्रेक्षकाला मात्र आपल्या पात्रांचं कल्याण झालेलं पाहायचं असतं. ‘तुझ्यात जीव रंगला’चे राणादा आणि पाठकबाई, म्हणजे हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर, यांनी मालिका संपल्यावर २ डिसेंबर २०२२ ला पुण्यात खरोखरच लग्न केलं, तेव्हा घरचं कार्य पार पडल्यासारखा आनंद पश्चिम महाराष्ट्रानं साजरा केला. प्रत्येक जोडीकडून अशी अपेक्षा धरणं हा कलावंतांवर अन्यायच. त्यांनी काम केलं, घरी गेले, हेही प्रेक्षकानं पचवायला शिकावं लागतं. अज्या झालेला नितीश चव्हाण २०२४ साली ‘लाखात एक आमचा दादा’मध्ये चार बहिणींना वाढवणारा सूर्या होऊन परतला. जुन्या प्रेक्षकांनी त्याला नव्या नावानं हाक मारायला वेळ लावला, मग बहिणींसकट त्याला घरात घेतलं.

आता अडचण मोबाईलची आहे. पैसे भरले की ॲपवर पुढचा भाग टीव्हीच्या आधी पाहता येतो, त्यामुळं सुनेनं दुपारीच सगळं पाहून टाकलेलं असतं. नायकाचं पुढं काय होणार हे तिला ठाऊक आणि सासूला नाही. संध्याकाळी दोघी समोरासमोर बसतात, सासूची नजर अर्धी पडद्यावर आणि अर्धी सुनेच्या चेहऱ्यावर. सून कोथिंबीर निवडत खाली मान घालते. सासूबाई कडाडतात, ‘काय वंगाळ होणार आसंल तर आत्ताच सांग, मी तवर आत जाऊन बसते.’ सांगितलं तर मजा जाते, नाही सांगितलं तर रात्रभर धुसफूस. शेजारीण उंबऱ्यातून दोघींनाही गप्प करते, कारण जाहिरात संपलेली असते.