वस्तऱ्याची पाठ

नवा वस्तरा हातात पडला की बहुतेक लोक मनगटावरचे केस उडवून पाहतात. केस उडाले तर वस्तरा चांगला, नाही उडाले तर फसलो. धार लावण्याचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्याला या परीक्षेतून जवळजवळ काहीच कळत नाही. धार ही वस्तऱ्यातली सर्वांत तात्पुरती गोष्ट. मी ती एका बैठकीत लावून देतो आणि घेणारा चामड्याच्या पट्ट्यावर दोन-चार वेडेवाकडे हात मारून ती मिनिटभरात घालवतो. कारखान्यातून वस्तरा बोथट आला म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. मी शोधतो तो दोष, जो माझ्या दगडाला काढता येणार नाही.

म्हणून पहिली नजर पाठीवर. सुरीला धार लावताना कोन मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तरा दगडावर आडवा ठेवला की पाठ आणि धार एकदमच टेकतात, त्यामुळे धारेचा कोन घडवणाऱ्यानेच कायमचा ठरवून टाकलेला असतो. 16 मिलिमीटर रुंदीचं पातं (बाजारात याला पाच अष्टमांश इंची म्हणतात) आणि पाच मिलिमीटर जाडीची पाठ, असा मेळ असेल तर कोन 18 अंशांच्या आसपास येतो. तो फार वाढला की वस्तरा दाढी कापण्याऐवजी ओढतो. फार कमी झाला की धारेला बारीक दाते पडतात. व्हर्निअर कॅलिपर लावायला अर्धं मिनिट पुरतं. टाचेपासून टोकापर्यंत तीन ठिकाणी माप घेतलं की पाठ एकसारखी आहे का, तेही समजतं. दिसायला अगदी हुबेहूब, पण पाठ अंदाजपंचे घासलेली, अशी पाती स्वस्तात भरपूर मिळतात. त्यांना मी वस्तऱ्याच्या आकाराची वस्तू म्हणतो.

दुसरा प्रश्न पिळाचा. एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलेलं पोलाद 800 अंश सेल्सिअसच्या आगेमागे तापवून तेलात बुडवतात, तेव्हा ते कठीण होतं. पण दोन्ही बाजू सारख्या थंड झाल्या नाहीत तर वाकतंही. चांगला कारागीर असं पातं बाजूला काढतो. बाकीचे एक बाजू जास्त घासून ते सरळ असल्याचा भास निर्माण करतात. हा भास मोडायला काळा मार्कर पुरतो. धारेवर शाईची रेघ ओढायची, बारीक दगडावर दोन्ही बाजूंनी एक-एक हलका हात फिरवायचा. शाई टोकाला आणि टाचेला गेली पण मध्ये राहिली, आणि दुसऱ्या बाजूला नेमकं उलट झालं, तर पातं वाकलेलं आहे. ते दगडावर दाबून सरळ होत नाही. दाबणाऱ्याच्या हाती फक्त पाठीवरचा एक चकाकता पट्टा येतो, कुठे रुंद, कुठे अरुंद. न वापरलेल्या वस्तऱ्यावर असा ओबडधोबड पट्टा आधीच दिसला, तर ही झटापट कारखान्यात होऊन गेलेली आहे असं समजावं.

पात्याच्या दोन्ही गालांना जो आतला बाक असतो, तिथे खरी मजुरी मुरते. जर्मनीतल्या सोलिंगन गावात वुपर नदीच्या पाण्यावर सहाणेची चाकं फिरत, तेव्हापासून ही कला तिथल्या हातांत आहे. आज यंत्रात दोन चाकं समोरासमोर फिरतात आणि कारागीर त्यांच्यामधून पातं ओढतो. धारेजवळ पोलाद कागदासारखं उरतं. तिथे घासताना जरा जास्त तापलं की आधी दिलेलं पाणी उतरतं. पॉलिशखाली निळसर झाक लपते आणि मग कितीही धार लावा, ती दोन दाढ्यांत बसते. सोलिंगन हे नाव 1938 पासून कायद्याने राखलेलं आहे. मुख्य काम त्या भागात झाल्याशिवाय तो शिक्का मारता येत नाही. शिक्क्याने गाव कळतं, पात्याचा पीळ कळत नाही. फ्रान्सच्या तिएर गावाच्या शिक्क्याचीही गोष्ट तीच.

पोलादाच्या नावांबद्दल तर मी फारच संशयी आहे. हेलेनस स्कॉट या मुंबईतल्या डॉक्टरने 1794 मध्ये ‘वुट्झ’ पोलादाचे नमुने लंडनला शास्त्रज्ञ जोसेफ बँक्सकडे पाठवले. पुढच्या वर्षी जॉर्ज पिअर्सनने त्यावर निबंध लिहिला आणि हे पोलाद मुंबईतच बनतं असं शीर्षकातच छापून टाकलं! ते बनायचं दख्खनमध्ये आणि खाली दक्षिणेत, मातीच्या मुशीत. त्याच पोलादाने झपाटलेल्या जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या कारागिराने तरुण मायकेल फॅरडेला सोबत घेऊन मिश्रधातूंचे प्रयोग केले आणि पोलादात किंचित चांदी मिसळल्याचं 1822 मध्ये प्रसिद्ध केलं. त्यानंतर शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ झळकू लागलं, चांदी असो वा नसो. आज तीच जागा ‘दमास्कस’ने घेतली आहे. दोन प्रकारच्या पोलादाचे थर जोडून, आम्लात बुडवून उमटवलेली ती नक्षी सुंदर असते, मलाही आवडते. पण धारेवर कोणतं पोलाद आलं आहे आणि ते किती कठीण केलं आहे, हे सांगता येत नसेल तर ती लग्नपत्रिकेवरची सोनेरी शाई.

मुठीबद्दल थोडक्यात: मिटताना पातं दोन्ही बाजूंना न घासता मधोमध बसावं आणि रिव्हेट डुगडुगू नये. शिंग, शिंपला, आबनूस, पात्यावरचा सोन्याचा मुलामा यांनी किंमत सहज दुप्पट होते, दाढीत फरक पडत नाही. साध्या मुठीचा चांगला नवा युरोपीय वस्तरा शंभर-दीडशे युरोंच्या पुढेच सुरू होतो, आणि ते पैसे घासणाऱ्या हाताचे असतात. मला ते महाग वाटत नाहीत. त्याच किमतीत प्लॅस्टिकऐवजी शिंपल्याची मूठ देतो म्हणणाऱ्याने कुठे काटकसर केली असेल, ते मात्र तपासावं.

पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा आणि पथरी शेजारी शेजारी असत, आणि पारख त्याच्या बोटांत होती. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा आहे. एका गिऱ्हाइकाचं ब्लेड दुसऱ्याला नको, म्हणून ते योग्यच झालं. त्यामुळे अखंड पात्याचा नवा वस्तरा आज हौशी माणूस घेतो, तोही फोटो पाहून. असे लोक मला विचारतात तेव्हा मी विक्रेत्याकडून दोन फोटो मागवायला सांगतो: एक पाठीच्या बाजूने सरळ खाली पाहणारा, दुसरा टोकाकडून धारेच्या रेषेत घेतलेला. विक्रेता पुन्हा पुन्हा मुठीचेच फोटो पाठवत राहिला, तर सौदा तिथेच थांबवायचा.