सावकाश चालणारी सायकल

सायकल घ्यायला दुकानात गेलेला माणूस ती आधी उचलून पाहतो. हलकी लागली की चेहरा खुलतो, जड लागली की तो शेजारच्या सायकलीकडे वळतो. सायकल उचलायची नसते, चालवायची असते; आणि तीही डबा, लॅपटॉप, रेनकोट, कुलूप आणि परतताना घेतलेली भाजी यांच्यासकट. पुण्यात रोज कामावर जायला आणि सवड मिळेल तेव्हा चार-पाच दिवस कोकणात उतरायला एकच सायकल असावी, या हेतूने मी एका जुन्या पोलादी फ्रेमवर सायकल उभी केली. एकेक सुटा भाग निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारत गेलो : ओझं लादलेलं असताना ही सायकल चढावर किती सावकाश चालू शकेल? वेगाचा प्रश्न मी मुद्दामच बाजूला ठेवला. रोजची सायकल आणि हलक्या प्रवासाची सायकल ही दोन वेगळी यंत्रं आहेत असं बाजार मानतो. मला ते पटत नाही. खराब रस्ता, ओझं, पाऊस, चढ आणि दमलेला चालक हे दोघींच्याही वाट्याला येतं. फरक पडतो तो फक्त दिवसाकाठच्या किलोमीटरांचा.

आधी चढाचा हिशेब मांडतो, कारण बाकीचं सगळं त्यावर उभं आहे. चालवणारा ६५ किलो, सायकल १५ किलो, सामान १५ किलो, असं एकूण ९५ किलोंचं ओझं धरा. चढ आठ टक्क्यांचा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेल्यावर आठ मीटर वर. शर्यतीच्या धाटणीच्या सायकलीवर सगळ्यात हलका गिअर अनेकदा पुढे ३४ दात्यांचा आणि मागे २८ दात्यांचा असतो. त्यावर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.६ मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी सव्वानऊ किलोमीटर होतो, आणि हे ओझं त्या वेगाने वर न्यायला साधारण २१० वॉट लागतात. रोज सायकल चालवणारा, पण खेळाडू नसलेला माणूस तास-दीड तास टिकवू शकतो ते शंभर ते दीडशे वॉट. मग तो काय करतो? फेऱ्यांची गती चाळीसवर आणतो, उभा राहून पेडल दाबतो आणि गुडघ्यांवर सगळा भार टाकतो. मी निवडलेल्या जोडीत पुढची सगळ्यात लहान चकती २२ दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी ३२ दात्यांची आहे. २६ इंची चाकावर त्या गिअरमध्ये एका फेऱ्याला सायकल १.४ मीटर पुढे जाते. साठ फेऱ्यांना वेग ताशी पाच किलोमीटर आणि ताकद लागते सुमारे ११५ वॉट. म्हणजे तोच माणूस, तोच चढ, पण गप्पा मारता येतील इतपत श्वास शिल्लक.

ताशी पाच किलोमीटर म्हणजे चालण्याचा वेग, मग उतरून ढकलत का नेऊ नये, असा आक्षेप लगेच येतो. भरलेली सायकल ज्याने घाटात ढकलली आहे तो हा आक्षेप घेत नाही. ढकलताना शरीर एका बाजूला वाकतं, पेडल पोटरीला लागतं आणि सायकल व माणूस मिळून रस्त्याची दुप्पट रुंदी अडवतात. मागून एसटी आली की गटारात उतरायची पाळी येते. शिवाय कोकणातल्या सागरी मार्गावर चढ एकदा संपला की संपला असं होत नाही. खाडीच्या काठी जेटीपर्यंत उतरायचं, फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि लगेच सड्यावर चढायचं. वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, सगळीकडे तोच खेळ. हे चढ पसरणी किंवा वरंध घाटाच्या मानाने तोकडे, पण तीव्र. दिवसातून असे पाच-सहा चढ आले की पहिल्या दोन चढांत दाखवलेली मर्दुमकी दुपारनंतर महागात पडते. शहरातही हलक्या गिअरचा उपयोग कमी नाही. सिग्नलला थांबून पुन्हा निघणं, उड्डाणपुलावर चढणं, कात्रजच्या किंवा बावधनच्या बाजूचे लांबट चढ, हे सगळं घामाघूम न होता करायचं तर वेगापेक्षा सुटण्यातला हलकेपणा कामाला येतो. ऑफिसात अंघोळीची सोय नसलेल्या माणसासाठी हा मुद्दा निर्णायक आहे.

ही कल्पना काही नवी नाही. फ्रान्समध्ये सेंत-एतिएन या गावी पॉल द व्हिव्ही नावाचा गृहस्थ होता, ‘वेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारा. स्वतःच्या मासिकातून तो वर्षानुवर्षं बदलत्या गिअरांची बाजू मांडत राहिला. टूर द फ्रान्सचे संस्थापक आंरी देग्रांज यांना मात्र गिअर हा दुबळ्यांचा आधार वाटे. त्या शर्यतीत गिअर बदलण्यासाठी चेन सरकवणाऱ्या डिरेलरला मोकळीक मिळाली ती १९३७ साली, वेलोसिओच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी. आपल्याकडचा सायकल-बाजार आजही थोडाफार देग्रांजच्याच बाजूचा आहे, असं मला वाटतं. जाहिरातीत गिअरांची संख्या सांगतात, सगळ्यात हलका गिअर कोणता ते सांगत नाहीत. एकवीस गिअर असूनही घाटाला पुरा न पडणारा संच सहज मिळतो.

गिअरनंतर पैसा कुठे घालावा, याचं माझं उत्तर आहे मागचं चाक. बहुतेक लोक आधी फ्रेमवर खर्च करतात आणि चाकं येतील तशी स्वीकारतात. मी उलट केलं. माणसाचं निम्म्याहून अधिक वजन आणि कॅरिअरवरचं सगळं सामान मागच्या चाकावर येतं. त्यात गिअरच्या चकत्यांना जागा द्यायची म्हणून ते चाक मुळातच एका अंगाला बांधलेलं असतं : उजव्या बाजूच्या तारा उभ्या आणि कडक ताणलेल्या, डाव्या बाजूच्या तिरप्या आणि सैल. तार तुटते ती बहुधा हबजवळच्या वाकणात. एकदम जोर पडला म्हणून तार तुटते असा समज आहे, पण बहुतेक वेळा कारण धातूचा थकवा असतं. चाक फिरताना जमिनीकडे आलेल्या तारेचा ताण क्षणभर कमी होतो. मुळात ताण पुरेसा नसेल तर तार त्या क्षणी पूर्ण सैल पडते, वाकणात हलते आणि असं लाखो वेळा झाल्यावर तुटते. जॉब्स्ट ब्रँट यांनी १९८१ च्या ‘द बायसिकल व्हील’ या पुस्तकात हे नीट मांडलं आहे. म्हणून ३६ तारांचं चाक, मधे बारीक आणि टोकांना जाड अशा तारा, आणि बांधताना सगळ्या तारांना सारखा, भरपूर ताण. मशीनवर घाईने बांधलेलं चाक सरळ फिरतं, पण सरळ फिरणं आणि तारांचा ताण सारखा असणं या दोन वेगळ्या गोष्टी. नुसता आऊट काढून दिलेल्या चाकात एक तार तंबोऱ्यासारखी वाजते आणि शेजारची मुकी असते.

हबचीही एक गोम आहे. जुन्या पद्धतीचं फ्रीव्हील हबवर बाहेरून आट्यांनी बसतं, त्यामुळे उजव्या बाजूचे छर्रे आत सरकतात आणि ॲक्सलचा लांब तुकडा आधाराविना राहतो. ओझं आणि खड्डे एकत्र आले की तो वाकतो, कधी तुटतो. शिमानोने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये छर्रे थेट कडेपर्यंत गेले आणि हे दुखणं जवळपास मिटलं. स्वस्तातल्या गिअरच्या सायकलींवर आजही फ्रीव्हीलच येतं. रंग आणि स्टिकर यांच्यावर खर्च न करता हब बदलणं हा मला सगळ्यात शहाणा खर्च वाटतो.

फ्रेमबद्दल मी मुद्दाम नंतर लिहितो आहे. जुन्या, सस्पेन्शन नसलेल्या पोलादी माउंटन बाइकची (एमटीबीची) फ्रेम ह्या कामाला चांगली, यामागे जुन्याचं प्रेम नाही. तिच्या मागच्या नळ्या लांब असतात, साधारण ४३ सेंटिमीटरच्या पुढे, त्यामुळे कॅरिअरला लटकवलेल्या बॅगेवर टाच आपटत नाही. रुंद टायर आणि वर मडगार्ड, दोन्हींना जागा मिळते. कॅरिअर व मडगार्ड बसवायला भोकं असतात. मागच्या टोकांमधलं अंतर जुन्या फ्रेमींत अनेकदा १३० मिलिमीटर आढळतं, नव्या हबला १३५ लागतं. पोलाद चार-पाच मिलिमीटर जपून फाकवता येतं, ॲल्युमिनियमवर तो प्रयोग करू नये. पण पोलाद जड, त्याचं काय? फ्रेम दोन किलोंनी जड आहे असं धरा. ९५ किलोंत दोन किलो म्हणजे दोन टक्के. अर्ध्या तासाच्या चढावर हा फरक चाळीस सेकंदांच्याही आत राहतो. तेवढ्यासाठी मी कॅरिअर बसवायची सोय सोडणार नाही. नवी सायकलच का घेऊ नये, हा प्रश्न मात्र रास्त आहे. रुंद टायरला जागा, भोकं, ताठ फोर्क आणि हलका गिअर हे चारही असलेली नवी सायकल मिळाली तर जरूर घ्यावी. परवडणाऱ्या हायब्रिडमध्ये यातलं एखादं तरी हुकलेलं असतं, आणि बदल्यात जड सस्पेन्शन फोर्क गळ्यात पडतो. डांबरी रस्त्यावर त्याचा उपयोग थोडा आणि देखभाल भरपूर.

खड्ड्यांवर खरा इलाज हवेचा आहे. ४७ मिलिमीटर रुंदीचे, जवळपास गुळगुळीत नक्षीचे टायर मी लावले. रुंद टायर जड चालतो हा समज एमटीबीच्या दातेरी टायरमुळे झाला असावा. तिथे वेग खातात ते रबराचे दाते. खडबडीत रस्त्यावर कडक, अरुंद टायर प्रत्येक दगडावर सायकल आणि माणूस दोघांना उचलतो, आणि उचलायला लागलेली ताकद परत मिळत नाही. हवा किती भरावी याला फ्रँक बर्टो यांचा ठोकताळा चांगला आहे : भार पडल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे पंधरा टक्के दबावा. मागच्या चाकावर भार जास्त, म्हणून तिथे हवा जास्त. पंक्चरवाल्याकडे दोन्ही चाकं सारखी टणक करून घ्यायची सवय सोडावी लागते. चाकाच्या मापाबाबत एक सूचना. ‘२६ इंची’ म्हणून दुकानदार जे काढून देतो ते दोन वेगळ्या मापांचं असू शकतं : २६ बाय १.७५ च्या रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर, तर जुन्या एसएलआर पद्धतीच्या २६ बाय १ ३/८ चा ५९०. एकाचा टायर दुसऱ्यावर बसत नाही. टायरच्या कडेला कोरलेला तीन आकडी अंक वाचावा, बाकी सगळं विसरावं. ५५९ हे माप नव्या महागड्या सायकलींतून गेलं आहे, म्हणून ते निवडणं मागासलेपणाचं, असंही ऐकू येतं. पण तालुक्याच्या गावी शाळकरी मुलांच्या सायकली याच मापाच्या असतात, आणि तिथे टायर-ट्यूब मिळणं मला अद्ययावतपणापेक्षा मोलाचं वाटतं.

ब्रेकच्या बाबतीत माझी बाजू थोडी लंगडी आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ९५ किलोंचं ओझं सहाशे मीटर खाली आणताना साधारण ५६० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्यात पावणेदोन लिटर पाणी उकळेल. काही वाटा वारा घेतो, उरलेला ब्रेकचे रबर आणि रिम. जुन्या फ्रेमवर डिस्क बसवायची सोय नसते, म्हणून मी व्ही-ब्रेक ठेवले. कोरड्या रस्त्यावर ते उत्तम धरतात. पावसात मात्र रिमवर चिखल आणि वाळू येते, ब्रेक उशिरा धरतो आणि प्रत्येक वेळी रिम थोडी घासली जाते. आत खोलगट झालेली रिम बदलावीच लागते, नाहीतर ती हवेच्या दाबाने फाटू शकते. पावसाळ्यात रोज घाटउतार करणाऱ्याने सरळ डिस्कची फ्रेम शोधावी. वर्षातून थोड्या वेळा घाट उतरणाऱ्याला रिम ही झिजणारी वस्तू मानून चालता येतं.

एका यंत्राकडून दोन कामं घेतली की दोन्ही अर्धवट होतात, हा सगळ्यात मोठा आक्षेप. शर्यतीची आणि प्रवासाची सायकल एकत्र करायला गेलं तर तो खरा ठरेल. इथे मात्र दोन्ही कामांची मागणी एकाच दिशेची आहे, आणि रोजच्या वापराचा प्रवासाला थेट फायदा होतो. कॅरिअरचा कुठला नट सैल होतो, कुठली बॅग टाचेला लागते, सीट कितव्या किलोमीटरला टोचते, हे सगळं शहरातच कळून चुकतं. फक्त प्रवासासाठी ठेवलेल्या सायकलीत हे दोष पहिल्या घाटात उघडे पडतात. हायवेवर शर्यतीच्या सायकलींच्या घोळक्याबरोबर हिला राहता येणार नाही, हे मान्य.

प्रवासाला निघताना रोजच्या सायकलीत फार भर घालावी लागत नाही. दोन बॅगांचं वजन सारखं करायचं, जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला, पाठीवर काही नाही. मागच्या चाकात उजव्या-डाव्या तारांची लांबी वेगळी असते, म्हणून दोन्ही लांबींच्या दोन-दोन तारा फ्रेमच्या नळीला चिकटपट्टीने बांधून न्यायच्या. उजवीकडची तार बदलायला मागचा दातेरी संच काढावा लागतो. त्याचं हत्यार गावातल्या दुकानात असेलच असं नाही, ते आपलं आपण ठेवावं. ट्यूब, ब्रेकचे रबर, केबल वाटेत मिळतात. आठ गिअरच्या चेनची जोडकडी मिळत नाही. ती दोन रुपयांच्या नाण्याएवढीही जागा घेत नाही, म्हणून दोन न्याव्यात.